मोंगोल दिग्विजय आणि मोंगोल संगीत : एक साधनचिकित्सा

कोणत्याही देशाच्या प्राचीन संगीताविषयीं लिहूं जाणारास एक अडचण प्रथमपासूनच असते. राजांचीं दानपत्रें तांब्यावर राहतात, लढायांच्या मित्या बखरकार लिहून ठेवतात, वाड्यांचे पाये मातीखालीं सांपडतात. स्वर मात्र उमटतां क्षणींच नाहींसा होतो. मागें राहतात तीं त्या स्वराविषयीं दुसऱ्या कोणीं लिहिलेलीं वाक्यें. तीं कोणीं, कोणासाठीं व कोणत्या भाषेंत लिहिलीं हें न पाहतां त्यांवर सिद्धांत उभारले म्हणजे काय होतें, ह्याचें मोंगोल संगीत हें ठळक उदाहरण आहे. निराधार कांहीं लिहावयाचें नाहीं ही मल्लिनाथाची प्रतिज्ञा संशोधकांच्या तोंडीं नित्य असते. ती येथें लावून पाहण्याचा विचार आहे.

ह्या विषयावर दोन मतें प्रचलित आहेत. पहिलें आपल्याकडील शाळांतलें. चंगीझखान म्हणजे जाळपोळ व कत्तल; त्याच्या लोकांस ना अक्षर ना गाणें; घोड्यांच्या टापा हेंच त्यांचें संगीत. प्रस्तुत लेखकानें तीस वर्षें वर्गांत हेंच सांगितलें, आणि सांगतांना मूळ साधन एकही पाहिलेलें नव्हतें, हें येथें कबूल करणें प्राप्त आहे. दुसरें मत अलीकडचें व ह्याच्या अगदीं उलट. घोड्याचें मस्तक कोरलेलें 'मोरिन खुऊर' हें दोन तारांचें गजवाद्य, एकाच कंठांतून एकाच वेळीं दोन स्वर काढणारें 'खोमी' गायन, आणि 'उर्तिन दू' म्हणजे दीर्घगान, हीं तिन्ही चंगीझखानाच्या छावणींत जशीं होतीं तशींच आज ऐकूं येतात, असें हें मत सांगतें. ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर आणि जलशांच्या प्रास्ताविकांत तें इतक्या वेळां येतें कीं पुष्कळांस त्यास आधार विचारण्याचें सुचतच नाहीं. पहिल्या मतांत अज्ञान आहे, दुसऱ्यांत भक्ति आहे. आधार दोहोंतही तपासलेला नाहीं.

प्रथम दिग्विजयाचा क्रम ध्यानांत घ्यावा. १२०६ सालीं ओनोन नदीच्या उगमापाशीं भरलेल्या कुरिलताईंत तेमुजिन हा चंगीझखान झाला. १२१९ मध्यें त्याच्या सेना ख्वारिझमवर चालून गेल्या. १२२७ सालीं तांगुतांचें शी-शिया राज्य बुडालें आणि त्याच वर्षीं तो वारला. १२३४ सालीं उत्तर चीनमधील जुर्चेनांचें जिन राज्य संपलें, १२५८ सालीं बगदादची खिलाफत संपली, आणि १२७९ सालीं दक्षिणेकडील सुंग राज्य कुबलाईखानाच्या हातीं आलें. शहर पडलें कीं कारागीर वेगळे काढून आपल्या मुलखांत न्यावयाचे ही मोंगोलांची रीत होती. ह्या रीतीचा संगीताशीं संबंध कसा येतो तें पुढें दिसेल.

(१) गुप्त इतिहास

मोंगोल भाषेंतील सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ म्हणजे 'मोंगोलांचा गुप्त इतिहास'. तो मूषकवर्षीं, केरुलेन नदीच्या परिसरांत कुरिलताई भरली असतां लिहून पुरा झाला, असें ग्रंथाच्या समाप्तीस म्हटलें आहे. हें मूषकवर्ष १२२८ चें, १२४० चें कीं १२५२ चें, ह्यावर विद्वानांत वाद आहे. उइगुर लिपींतील मूळ पोथी राहिली नाहीं. राहिली ती चिनी अक्षरांत उतरलेली नक्कल. १३६८ सालीं मोंगोलांस चीनमधून हांकून लावणाऱ्या मिंग राजवंशास मोंगोल भाषा जाणणारे दुभाषे हवे होते. त्यांच्या शिक्षणासाठीं चौदाव्या शतकाच्या अखेरीस ह्या ग्रंथाचें पाठ्यपुस्तक करण्यांत आलें. मोंगोल शब्दाचा उच्चार चिनी अक्षरांनीं मांडावयाचा, प्रत्येक शब्दाशेजारीं त्याचा चिनी अर्थ द्यावयाचा, आणि परिच्छेदाच्या शेवटीं सारांश जोडावयाचा, अशी त्याची मांडणी आहे. आपल्याकडील सान्वय-सार्थ पोथ्या ज्यांनीं हाताळल्या आहेत त्यांस ती अपरिचित वाटणार नाहीं. एकंदर परिच्छेद २८२.

१८६६ सालीं रशियन धर्मगुरु पल्लादि काफारोव्ह ह्यांनीं ह्या ग्रंथाचें भाषांतर प्रसिद्ध केलें तें त्या चिनी सारांशावरून. सारांशांत कथा आली, वाणी आली नाहीं. एरिख हेनिश ह्या जर्मन पंडितानें १९३७ सालीं लिप्यंतर करून प्रसिद्ध केलेला मोंगोल पाठ पाहिला म्हणजे ग्रंथाचा मोठा भाग पद्य आहे हें ध्यानांत येतें. ह्या पद्याचा बंध चरणारंभींच्या समान अक्षरांवर आहे. आपण त्यास चरणादि-अनुप्रास म्हणूं. अर्थाचें भाषांतर करतां तो सर्वस्वी नाहींसा होतो. मिंग लेखनिकांस कवित्वाची पर्वा नव्हती, उच्चाराची होती, म्हणून तो वांचला.

पद्यास मोंगोल भाषेंत 'शिलुग', आजच्या उच्चारांत 'शुलेग', असा शब्द आहे. तो आपल्या 'श्लोक' शब्दाचेंच रूप होय. उइगुर भाषेच्या मार्गें बौद्ध ग्रंथांबरोबर तो तिकडे गेला. हें वाचून संस्कृतज्ञाचें मन सुखावतें, आणि मोंगोल काव्यच संस्कृतापासून निघालें असें म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. आपल्या वृत्तांचा पाया लघुगुरूंवर, त्यांच्या पद्याचा चरणारंभींच्या अक्षरावर. नांव परदेशचें आलें, वस्तु घरचीच राहिली. नांवावरून वस्तूची जात ठरत नाहीं हा नियम पुढें वाद्यांविषयींही लागू पडणार आहे.

ह्या ग्रंथांत पद्य केवळ शोभेसाठीं येत नाहीं. ओंग खानास पाठविलेला चंगीझखानाचा निरोप आर्खाई खसार व सुकेगाई जेउन ह्या दूतांच्या तोंडीं दिलेला असून तो बराच लांब आहे. लेखणीवांचून असा निरोप शेंकडों कोस न्यावयाचा तर त्यास अनुप्रासाचा टांका हवाच. दिग्विजयाच्या आरंभकाळीं पद्य हें राज्यकारभाराचें साधन होतें, एवढें ह्यावरून निःशंक म्हणतां येतें.

प्रत्यक्ष नृत्यवाद्यांचे उल्लेख थोडे आहेत. खुतुला हा खान झाला तेव्हां खोर्खोनाग जुबुर येथील घनदाट वृक्षाभोंवतीं लोक इतके नाचले कीं बरगड्यांपर्यंत खोल चर पडला व गुडघ्यांइतकी धूळ झाली, असें ५७ व्या परिच्छेदांत आहे. १०६ व्या परिच्छेदांत जामुखा आपण काळ्या बैलाच्या कातड्यानें मढविलेला नगारा वाजविल्याचें सांगतो. नृत्य आहे, नगारा आहे. तंतुवाद्य कोठें आहे?

(२) 'खुऊर' शब्दाचा एक उल्लेख

तें १८९ व्या परिच्छेदांत आहे, आणि प्रसंग मोठा विलक्षण आहे. केरेयितांचा राजा ओंग खान १२०३ सालीं चंगीझखानाकडून पराभव पावून पळाला, आणि नाइमन लोकांच्या हद्दीवर पहारेकऱ्याच्या हातून ओळख न पटतां मारला गेला. नाइमनांचा राजा तायांग खान. त्याची आई म्हणून ह्या ग्रंथांत उल्लेखिलेली गुर्बेसु हिनें तें शिर आणवून पांढऱ्या बुरणुसावर ठेवलें, सुनांकडून त्याचा सत्कार करविला, मद्य अर्पण केलें आणि खुऊर वाजवावयास लावलें. तेव्हां तें शिर हंसलें. हा अपशकुन समजून तायांग खानानें तें पायाखालीं तुडविलें.

आजच्या मोरिन खुऊरची परंपरा चंगीझखानापर्यंत नेणारांस हा उल्लेख साधक वाटतो. शब्द तोच आहे हें खरें. परंतु तीन गोष्टी विसरतां कामा नयेत.

पहिली अशी कीं, मूळांत तंतुवाद्य वाजविल्याचें कळतें, तें कसें वाजविलें हें कळत नाहीं. भाषांतरकारानें सारंगीवाचक शब्द योजिला कीं हातीं गज येतो, वीणावाचक योजिला कीं गज जातो. मूळांत गजाचें नांव नाहीं. आपल्या 'वीणा' शब्दाची गोष्ट हीच आहे. प्राचीन काळीं तो धनुष्याकृति वाद्यासही लागत होता; आजची वीणा डोळ्यांपुढें ठेवून वैदिक वाक्याचा अर्थ करणारा चुकल्यावांचून राहणार नाहीं.

दुसरी गोष्ट, हा प्रसंग चंगीझखानाच्या तंबूंतला नव्हे, त्याच्या शत्रूच्या दरबारांतला आहे. नाइमनांचा दरबार मोंगोलांहून अधिक सुधारलेला होता. तायांग खानाच्या मुद्रेचा रक्षक ताताटुंगा हा उइगुर होता. १२०४ सालीं नाइमनांचा मोड झाल्यावर तो पकडला गेला, आणि त्यानेंच पुढें चंगीझखानाच्या मुलांस उइगुर लिपी शिकविली. म्हणजे मोंगोलांस लेखनविद्या मिळाली तीच मुळीं ह्या दरबाराच्या लुटींतून. ज्या दरबाराची लिपीसुद्धां मोंगोलांची नव्हती, त्या दरबारांतलें वाद्य पुराव्यावांचून मोंगोलांचें म्हणतां येत नाहीं.

तिसरी गोष्ट उत्तरकालीन बखरींची. चंगीझखानाचें सोन्याचें खुऊर घेऊन आर्गासुन नांवाचा सेवक परस्पर निघून गेला व देहदंडांतून केवळ वाक्चातुर्यानें सुटला, ही कथा पुराव्यादाखल पुष्कळदां सांगण्यांत येते. ती गुप्त इतिहासांत नाहीं. सतराव्या शतकांतील मोंगोल बखरींत आहे. चारशें वर्षांचें अंतर असलेल्या बखरीस समकालीन साक्षीचा मान देतां येत नाहीं, हें आपल्या वाचकांस सांगावयास नको. शिवाय 'खुऊर्ची' म्हणजे वादक आणि 'खोर्ची' म्हणजे भाता बाळगणारा शरीररक्षक. एवढ्या जवळच्या शब्दांत लेखकप्रमाद किती सहज होतो, हें पोथ्यांचे पाठभेद लावणारा प्रत्येक जण जाणतो.

(३) परकी प्रवासी

समकालीन प्रवाशांची साक्ष संख्येनें अधिक आहे. सुंग दरबाराचा वकील झाओ होंग १२२१ सालीं आजच्या बैजिंगच्या जागीं चंगीझखानाचा सेनापति मुकाली ह्यास भेटला. मुकाली मोहिमेवर निघाला म्हणजे १७-१८ चतुर तरुणींचा ताफा बरोबर असे. त्या १४ तारांच्या वाद्यावर दरबारी चिजा वाजवीत, मंद टाळ्यांनीं ताल धरीत, आणि त्यांचें नृत्य वकिलास फार निराळें वाटलें. सेनेबरोबर संगीत होतें ह्याचा हा चांगला पुरावा होय. परंतु चिजा दरबारी, वाद्य १४ तारांचें. हा थाट कुरणावरील धनगरांचा दिसत नाहीं. नुकत्याच घेतलेल्या जिन मुलखाचा दिसतो.

पोपचा वकील प्लानो कार्पिनी १२४५ ते १२४७ ह्या काळांत तिकडे गेला. बातू खान किंवा दुसरा कोणी राजपुत्र लोकांसमक्ष मद्य घेतो तेव्हां गाणें व तंतुवाद्य चालूं असावयाचेंच, असें तो लिहितो. रुब्रुकचा विल्यम १२५३ मध्यें निघाला. तंबूच्या दाराशीं मद्याची बैठक व तिच्याजवळ वादक. धन्यानें पेला उचलला कीं सेवकानें हांक द्यावयाची व वादकानें तारा छेडावयाच्या. मोठ्या मेजवानींत सर्वांनीं टाळ्या वाजवून नाचावयाचें, असें त्याचें वर्णन आहे. आपल्या देशासारखीं वाद्यें तेथें दिसलीं नाहींत, आपल्याकडे नसलेलीं मात्र पुष्कळ दिसलीं, असेंही तो सांगतो. येथें तो थांबतो. वाद्यास त्याच्या भाषेंत नांव नव्हतें, म्हणून वर्णनही नाहीं. प्रवाशाच्या साक्षीची मर्यादा ह्याहून स्पष्ट दाखवितां येणार नाहीं.

ह्याच विल्यमनें काराकोरम येथील रुप्याच्या झाडाची हकीकत दिली आहे. पॅरिसचा सोनार गियोम बूशे हा हंगेरींत मोंगोलांच्या हातीं सांपडून तेथें आला होता. त्यानें मोंगके खानासाठीं चांदीचा वृक्ष घडविला. त्याच्या नळ्यांतून चार प्रकारचीं मद्यें वाहत आणि शेंड्यावर तुतारी घेतलेला देवदूत होता. आंत भाते बसवून तुतारी वाजवावी असा बेत होता, परंतु भात्यांस पुरेसा जोर येईना. तेव्हां खालच्या पोकळींत एक मनुष्य बसविला, आणि इशारा झाला कीं तो फुंकर मारी. जिंकून आणलेला कारागीर, त्याची परदेशी कला, आणि शेवटीं आंत कोंडलेला एक श्वास: साम्राज्याच्या दरबारी संगीताचें ह्याहून बोलकें उदाहरण प्रस्तुत लेखकास दुसरें सांपडलें नाहीं.

मार्को पोलो १२८७ च्या नायानवरील लढाईविषयीं लिहितांना सांगतो कीं, दोन्ही सैन्यें समोरासमोर आलीं म्हणजे मोठा नगारा होईपर्यंत तार्तार लोक दोन तारांचें वाद्य वाजवीत व गात उभे राहत, आणि नगारा झाला कीं लढाई जुंपे. दोन तारांचें वाद्य सैनिकांच्या हातीं असल्याचें येथें मिळतें. गज येथेंही नाहीं. नगाऱ्यास त्यानें योजिलेला शब्द मूळ अरबी 'नक्कारा'. आपला 'नगारा' त्याच घराण्यांतला. तेवढ्यावरून आपला नगारखाना मोंगोलांनीं दिला असें कोणी म्हणूं नये. शब्द अरबांचा आहे आणि दोन्हीकडे तो स्वतंत्र वाटांनीं गेला आहे.

(४) युआन दरबार

कुबलाईखानाच्या युआन राजवंशाचा अधिकृत इतिहास १३७० सालीं पुरा झाला. तोही मिंग दरबारानेंच करविला. त्यांतील विधि व संगीत ह्यांवरील प्रकरणांत दरबारी संगीत कसें जमविलें ह्याची नोंद आहे. चंगीझखानाच्या काळीं तांगुतांचें जुनें संगीत मागविलें. ओगोदाईच्या काळीं, १२३८ सालीं, कन्फ्यूशियसचा वंशज खुंग युआनत्सुओ ह्याच्या विनंतीवरून बुडालेल्या जिन राज्यांतले वादक व वाद्यें शोधून एकत्र केलीं. कुबलाईच्या कारकीर्दींत, १२६० ते १२६४ च्या दरम्यान, मुसलमानी देशांतून ९० नळ्यांचें एक वायुवाद्य नजर आलें. त्यास आवाज होता, परंतु त्याचे स्वर लागत नव्हते. दरबारच्या संगीतखात्यांतल्या अधिकाऱ्यानें ते लावून घेतले.

ह्याच ग्रंथांत मेजवानीच्या वाद्यांमध्यें 'हूछिन' नांवाच्या वाद्याचें वर्णन येतें: वळलेली मान, ड्रॅगनचें मस्तक, दोन तारा, आणि घोड्याच्या शेपटीच्या केसांचा गज. मोंगोल दरबारांत दोन तारांचें गजवाद्य होतें ह्यास हा निर्विवाद आधार होय, आणि मोरिन खुऊरच्या अभिमान्यांनीं आर्गासुनच्या कथेऐवजीं हाच पुढें करावा. परंतु आधार जेवढें सांगतो तेवढेंच घ्यावें. मस्तक ड्रॅगनचें आहे, घोड्याचें नव्हे; वाद्य दरबारच्या ताफ्यांतलें आहे, गुराख्याच्या तंबूंतलें नव्हे.

(५) शास्त्र आणि गान

तेराव्या शतकाच्या ह्याच पूर्वार्धांत देवगिरीस सिंघण यादवाच्या आश्रयानें शार्ङ्गदेव 'संगीतरत्नाकर' लिहीत होता. मोंगोलांशीं त्याचा कांहींच संबंध नव्हता. तुलनेसाठीं मात्र तो उपयोगी आहे. त्याच्या ग्रंथांत स्वरांचीं नांवें देऊन सुरावटी मांडल्या आहेत, म्हणून आज निदान वादविवाद करण्यापुरतें साधन आपणांपाशीं आहे. बगदादचा सफीउद्दीन उर्मवी ह्यानें 'किताब अल्-अद्वार' मध्यें अरबी-इराणी संगीताचें तसेंच शास्त्र बांधलें. १२५८ मध्यें हुलागूनें बगदाद घेतलें त्यांतून तो वांचला, आणि पुढें इल्खानी राज्यांतील जुवैनी घराण्याच्या आश्रयास राहून त्यानें दुसरा ग्रंथ लिहिला. तिबेटांत साक्य पंडितानें (११८२–१२५१) संगीतावर ग्रंथ रचला. तो स्वतः पुढें ओगोदाईचा पुत्र गोदान ह्याच्या दरबारीं गेला व तिकडेच वारला.

मोंगोल सत्तेच्या छायेंत इराणी शास्त्र जगलें, तिबेटी पंडिताचा मान झाला, तांगुत व चिनी वादक दरबारीं बसले. मोंगोलांच्या स्वतःच्या गाण्याचें शास्त्र मात्र कोणीं लिहिलें नाहीं. ह्याचा अर्थ गाणें नव्हतें असा नव्हे. जें जिंकून आणलें त्याची मोजदाद झाली. जें घरचें होतें तें मोजण्याचें कोणास कारण पडलें नाहीं. आपल्या घरांतील ओव्या कोणत्या दफ्तरांत नोंदल्या होत्या? आणि नोंद असली तरी ती नीट वाचावी लागते. शार्ङ्गदेवाच्या रागांत 'तुरुष्कगौड' व 'तुरुष्कतोडी' हीं नांवें आहेत. तेवढ्यावरून देवगिरीस तुर्कांचें राज्य होतें असें अनुमान कोणी काढल्यास आपण हंसूं.

(६) शत्रूच्या पेटींतील गाणें

मोंगोल दरबारी गाण्यांच्या सुरावटी विस्तारानें लिहिलेल्या मिळतात त्या अठराव्या शतकांत, आणि त्या पुन्हां शत्रूच्या घरीं. चाखार मोंगोलांचा लिग्दन खान हा चंगीझवंशांतला शेवटचा सार्वभौम म्हणवून घेणारा राजा. तो १६३४ सालीं वारला, पुढल्याच वर्षीं त्याचा पुत्र मांचूंस शरण गेला, आणि त्याच्या दरबारचें संगीत मांचूंच्या छिंग दरबारांत मोंगोल संगीत म्हणून दाखल झालें. छियनलुंग बादशहाच्या आज्ञेनें १७४६ सालीं पुऱ्या झालेल्या संगीतसंग्रहांत तें चिनी स्वरलेखनानें नोंदलें आहे.

हा क्रम पाहून मन क्षणभर थांबतें. मोंगोलांनीं तांगुतांचें व जिनांचें संगीत लुटींत आणलें. चारशें वर्षांनीं त्यांचें संगीत दुसऱ्यांच्या लुटींत गेलें. त्यांची वाणी टिकली ती मिंगांच्या पाठ्यपुस्तकांत, त्यांच्या वाद्यांचीं वर्णनें टिकलीं तीं मिंगांनीं लिहविलेल्या इतिहासांत, आणि त्यांच्या सुरावटी टिकल्या त्या मांचूंच्या संग्रहांत. मात्र १७४६ ची नोंद १२०६ ची म्हणून वाचण्याचा मोह येथेंही टाळला पाहिजे. ती लिग्दन खानाच्या दरबाराची व मांचू लेखनिकांच्या कानांची साक्ष होय; त्यापलीकडे ती जात नाहीं.

(७) आजचें संगीत

आतां दुसऱ्या मताकडे वळूं. ज्यास आज आपण मोरिन खुऊर म्हणून ऐकतों त्याचें रूप बरेंचसें विसाव्या शतकांत घडलें आहे. पूर्वीं त्याची पेटी कातड्यानें मढविलेली असे. कोरड्या व ओल्या हवेंत कातडें सैल-ताठ होऊन स्वर बिघडे. मोठ्या रंगमंदिरांत व वाद्यवृंदांत तें चालेना, म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सोव्हिएत कारागिरांच्या साह्यानें लाकडी पृष्ठभागाचें वाद्य रूढ झालें, आणि केसांच्या तारांच्या जागीं पुष्कळदां नायलॉन आलें. खोमीचेंही रंगमंचावरील स्वतंत्र रूप ह्याच शतकांतलें. वर तपासलेल्या जुन्या साधनांत त्याचें वर्णन नाहीं. १९३० नंतरच्या दशकांत मोंगोलियांतील बौद्ध मठ उद्ध्वस्त करण्यांत आले, त्यांबरोबर मठांतील वादनपरंपराही तुटली. 'जसें होतें तसेंच' हे शब्द ह्या इतिहासास साजत नाहींत.

तरीही पहिल्या मतवाल्यांनीं आनंद मानूं नये. दीर्घगानाची ध्वनिमुद्रिका प्रस्तुत लेखकानें नातवाकडून अनेकदां ऐकली. थोडीं अक्षरें, एकेका स्वरावर दीर्घ आलाप, तालाचें बंधन नाहीं, आणि कंठाचे बारीक कंप. शब्द कळत नसतांही हें गाणें एका दिवसांत किंवा एका शासनाच्या हुकुमानें तयार झालेलें नाहीं हें कानास कळतें. तें किती जुनें आहे हें कान सांगूं शकत नाहीं. कानाची साक्ष तेवढ्यापुरतीच. हेनिंग हासलुंड ह्या डॅनिश प्रवाशानें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पूर्व मोंगोलियांत ध्वनिमुद्रणें केलीं, आणि त्यांवरून अर्न्स्ट एम्सहायमरनें १९४३ सालीं स्टॉकहोम येथें सुरावटी प्रसिद्ध केल्या. मोंगोलांच्या घरच्या गाण्याच्या अभ्यासास घट्ट जमीन मिळते ती अशा कामापासून. तेराव्या शतकाच्या मानानें ती फार अलीकडची आहे, परंतु ती जमीन आहे.

(८) निष्कर्ष

सिद्ध काय होतें तें थोडक्यांत सांगतों. दिग्विजयाच्या आरंभीं मोंगोलांपाशीं चरणादि-अनुप्रासाचें समर्थ पद्य, सामुदायिक नृत्य व रणनगारा होता. नाइमनांच्या दरबारांत खुऊर नांवाचें तंतुवाद्य होतें. तेराव्या शतकांत मोंगोल सैनिकांच्या हातीं दोन तारांचें वाद्य होतें, आणि युआन दरबारांत केसांच्या गजाचें दोन तारांचें वाद्य होतें. दरबारी संगीत मुख्यतः जिंकलेल्या देशांतून जमविलेलें होतें. चंगीझखानाच्या छावणींत घोड्याच्या मस्तकाचें खुऊर किंवा खोमी होती असें ह्या साधनांवरून म्हणतां येत नाहीं, आणि तो व त्याचे लोक संगीतशून्य होते हें तर मुळींच म्हणतां येत नाहीं.

इतकें लिहून झाल्यावर पोथ्या जमविणाऱ्या मित्रांस दोन शब्द सांगावेसे वाटतात. ज्या लोकांचा इतिहास हवा, त्यांच्या शत्रूंचीं दफ्तरें आधीं उघडावीं. आणि त्यांतही वरचा सारांश सोडून खालचा अवघड, अर्थहीन वाटणारा अक्षरपाठ जपून उतरून घ्यावा, कारण आवाज तेथें असतो. दुसरें असें कीं, शत्रूच्या लेखणीसही जें मिळालें नाहीं त्याची वाट पाहत बसूं नये. २००८ सालीं युनेस्को ह्या संस्थेनें मोरिन खुऊर व दीर्घगान आपल्या वारशाच्या यादींत घातलें, २०१० सालीं मोंगोलियाची खोमी घातली. परंतु २००९ सालीं मोंगोलांचीं 'तूलि' नांवाचीं वीरकाव्यें आणि 'त्सूर' ह्या बांसरीचें वादन ह्यांची नोंद तातडीनें रक्षण करावयाच्या वारशाच्या यादींत झाली. ज्या पाठांतरावर एका साम्राज्याचे निरोप चालले, त्या पाठांतराचे धनी आतां थोडे उरले आहेत. पोथीस वाळवी लागली तर निदान कांहीं पानें हातीं लागतात. कंठ मिटला तर कांहींच लागत नाहीं.

वर्गांत तीस वर्षें जें चुकीचें सांगितलें तें परत घेण्याची सोय मास्तरास नसते. ह्या लेखानें त्यांतली एक चूक दुरुस्त झाली, आणि तिच्या जागीं दुसरी बसली नाहीं, तर श्रम सार्थकीं लागले असें समजेन.